चाकाला जागा ठेवा

मुलुंड ते घाटकोपर या एलबीएस मार्गाच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं सस्पेन्शनचं काम करतो आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाची सुरुवात १९६१ साली याच मुलुंडमध्ये झाली, याचा इथल्या आम्हा मंडळींना अजून अभिमान वाटतो. हल्ली लोक फॉर्च्युनर, एन्डेव्हर, स्कॉर्पिओ-एन घेऊन येतात आणि थेट विचारतात, "दोन इंच खाली होईल ना?" होईल. पण खाली आल्यावर चाकाला वर जायला जागा किती उरणार, हे ठरवल्याशिवाय मी एकही पार्ट सुचवत नाही.

१. खाली का करायची आहे, ते आधी नीट सांगा. गाडी जेव्हीएलआरच्या वळणावर झुकते, ही तक्रार असेल तर पुष्कळदा शॉकअप थकलेले असतात आणि लोअर आर्मचे बुश फाटलेले असतात. ते बदला, मग महिनाभर चालवून बघा. तरीही झुकत असेल तर जाड अँटी-रोल बार मिळतो का ते पाहा. उंचीला हात न लावता झुकणं कमी होतं. आई-वडिलांना चढता येत नसेल तर रुंद फूटबोर्ड आणि धरायला भक्कम हँडल हा त्यांच्यासाठी जास्त सोयीचा उपाय आहे. उंची पाच सेंटिमीटरने कमी झाली तरी गुडघा दुखायचा तो दुखतोच.

२. कायद्याचं आधी बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद आणखी पक्की केली. अंधेरीची एमएच ०२ असो, बोरिवलीची एमएच ४७ किंवा आमच्या बाजूची एमएच ०३, आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. हे कागद हातात आल्यावरच पार्टची ऑर्डर द्यावी.

३. आता मुख्य गोष्ट. सपाट जमिनीवर चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून घ्या. मग खाली झोपून बंप रबर आणि तो जिथे टेकतो ती जागा, यांतलं अंतर मोजा. समजा तिथे चाकाला वर जायला ८० मिलिमीटर मिळतात आणि तुम्ही गाडी ४० ने खाली आणली, तर उरले ४०. शॉकअपचा वाटा बाजूला ठेवला, तर तोच धक्का निम्म्या जागेत जिरवायला स्प्रिंग चौपट कडक लागते. रोजच्या गाडीत इतकी कडक स्प्रिंग घालून कोणी फिरू शकणार नाही. मग उरलेला धक्का बंप रबर, चेसिस आणि आत बसलेल्यांची पाठ यांच्यावर येतो. म्हणून मी २५ ते ३५ मिलिमीटरच्या पुढे जायला कोणालाही सांगत नाही, आणि स्प्रिंगसोबत आखूड, हळूहळू कडक होत जाणारा बंप रबर घ्यायला लावतो. तो स्वस्त पार्ट आहे, पण यादीतून नेमका तोच गळतो.

४. स्पीडब्रेकरचं गणित कागदावर मांडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. फॉर्च्युनरच्या पुढच्या-मागच्या चाकांत २,७४५ मिलिमीटर अंतर आहे. अशा गतिरोधकावर तिच्या पोटाखाली साधारण ५५ मिलिमीटर लागतात. म्हणजे काहीच अडचण नाही. अडचण होते ती सोसायट्यांनी स्वतः घातलेल्या अरुंद, १५ सेंटिमीटरच्या उंचवट्यांनी. असा उंचवटा अख्खाच्या अख्खा पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे येतो. पोटाखाली २२० मिलिमीटर असतील, त्यातले ३५ तुम्ही कमी केलेत, गणपतीला सात जण आणि सामान घेऊन कोकणात निघालात की आणखी ४०-५० गेले. उरले १३५-१४५. घासणारच. पुनर्विकासात झालेल्या टॉवरच्या तळघराच्या उताराची धारही अशीच पोटाला लागते.

इथे एक बारकावा. मागच्या सलग एक्सलचा मधला गोळा, म्हणजे डिफ्रेन्शियल, स्प्रिंग बदलून खाली येत नाही, कारण एक्सल टायरवर उभा असतो. खाली येतं ते चेसिस, सायलेन्सर आणि टाकी. म्हणून जाहिरातीतल्या ग्राउंड क्लिअरन्सच्या आकड्यावर विसंबू नका. दोन चाकांच्या मधलं पोट स्वतः मोजा.

५. स्प्रिंग कापू देऊ नका आणि गॅसने तापवून तर मुळीच बसवू देऊ नका. तापवली की तारेचं पाणी उतरतं, मग ती कुठे बसेल किंवा कधी तुटेल याचा नेम नाही. कापलेली स्प्रिंग थोडी कडक होते हे खरं, पण खड्ड्यात चाक पूर्ण लोंबलं की ती आपल्या वाटीतून सुटू शकते. पुढच्या बाजूला आणखी एक हिशोब आहे: डबल विशबोनमध्ये स्प्रिंग लोअर आर्मच्या मधेच कुठेतरी टेकते, त्यामुळे ती १० मिलिमीटर आखूड झाली तर गाडी त्याहून जास्त खाली येते. मागे मात्र जवळजवळ तेवढ्यास तेवढी. पुढच्या-मागच्या स्प्रिंगा म्हणूनच एकाच सेटच्या, तुमच्याच मॉडेलच्या घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना माल चांगला मिळतो, पण स्प्रिंग तिथून सुटी उचलू नये. ती किती भार झेलून किती बसली आहे ते डोळ्यांनी कळत नाही.

६. गाडीची मागची रचना ओळखा. फॉर्च्युनरला एक आडवा रॉड एक्सलला धरून ठेवतो. गाडी खाली आली की तो रॉड एक्सलला थोडा एका बाजूला ढकलतो आणि एका कडेचं चाक जास्त बाहेर दिसतं. त्यासाठी लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लागतो. स्कॉर्पिओ-एन आणि २०१६ नंतरच्या एन्डेव्हरमध्ये वॉट लिंकेज असल्याने एक्सल मधेच राहतो. जुन्या सफारीला, पजेरो एसएफएक्सला पुढे टॉर्शन बार आहे. त्याचा बोल्ट सैल केला की नाक पाच मिनिटांत खाली येतं. हे काम इतकं सोपं असल्यामुळेच जपून करावं, कारण स्प्रिंगचा कडकपणा आहे तेवढाच राहतो आणि चाकाची जागा मात्र जाते.

७. शॉकअप खाली आलेल्या उंचीचेच हवेत. मूळ शॉकअप ठेवला तर त्याचा दांडा कायम अर्धा आत दबलेला राहतो आणि तळाला आपटतो. फिरवून उंची बदलणारे कॉइलओव्हर मुंबईत मी टाळतो. आपल्या पावसात, खाऱ्या हवेत त्यांचे आटे चिखलाने धरतात आणि दोन पावसाळ्यांत फिरेनासे होतात. ठरावीक उंचीची स्प्रिंग आणि चांगला मोनोट्यूब शॉकअप इथे जास्त टिकतो.

८. शेवटचं काम घाईने उरकू नका. लोअर आर्मचे आणि मागच्या लिंकचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळले, तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत बसतो आणि लवकर फाटतो. गाडी चाकांवर उतरवून, एकदोनदा दाबून, मगच टॉर्क द्या. त्यानंतर अलाइनमेंट: कॅम्बर थोडा उणे जातो ते चालतं, पण टो बिघडला तर टायर आतल्या बाजूने खाल्ला जातो. हेडलाइटचा झोतही सरळ करून घ्या. महिनाभरात स्प्रिंग आपली जागा घेते. तेव्हा तिसऱ्या मुद्द्यातली मापं परत काढा आणि अलाइनमेंट पुन्हा तपासा. या वेळी मागच्या सीटवर माणसं बसवून मोजा.