सम्राटाची टिपणवही

तत्त्वज्ञान हा शब्द उच्चारला की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर जाडजूड ग्रंथ आणि संसाराकडे पाठ फिरविलेले वृद्ध पुरुष उभे राहतात. हा विषय आपल्यासाठी नव्हे, अशी मुलांचीही समजूत असते. परंतु तत्त्वज्ञानाचा उगम अगदी साध्या प्रश्नांत आहे. मी कसा आहे? मला राग का येतो? इतरांशी माझे नाते कोणते? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे आयुष्यभर शोधीत राहिलेला एक सम्राट सुमारे १,८०० वर्षांपूर्वी रोम येथे होऊन गेला. त्याचे नाव मार्कस ऑरेलियस.

मार्कसचा जन्म इ. स. १२१ मध्ये रोम नगरातील एका संपन्न घराण्यात झाला. वडील लवकर वारल्यामुळे त्याचे संगोपन आजोबांच्या घरी झाले. वयाच्या १२ व्या वर्षी त्याला तत्त्वज्ञानाचा असा ध्यास लागला की, तो तत्त्वज्ञांप्रमाणे जाडेभरडे वस्त्र पांघरू लागला आणि जमिनीवर निजू लागला. आईने पुष्कळ समजूत घातली, तेव्हा कोठे तो पलंगावर निजावयास तयार झाला, असे त्याच्या प्राचीन चरित्रात सांगितले आहे.

परंतु वेष पालटला म्हणजे स्वभाव पालटतो असे नाही. आपल्या स्वभावाला वळण लावणे अवश्य आहे, ही जाणीव मार्कसला रस्टिकस नावाच्या गुरूने करून दिली. ही जाणीव सुखाची नव्हती. आपले दोष दाखविणाऱ्या गुरूचा त्याला वरचेवर राग येई. मात्र रागाच्या भरात पुढे पश्चात्ताप करावा लागेल असे काही आपल्या हातून घडले नाही, याबद्दल त्याने पुढे समाधान व्यक्त केले आहे. याच रस्टिकसने आपल्या संग्रहातील एक ग्रंथ त्याला वाचावयास दिला. त्यात एपिक्टेटस नावाच्या शिक्षकाची प्रवचने होती.

हा एपिक्टेटस कोण होता? तो एक गुलाम होता. त्याच्या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थच मुळी 'मिळविलेला' असा आहे. जणू तो माणूस नसून विकत घेतलेली वस्तूच! शिवाय तो एका पायाने अधू होता. गुलामगिरीतच त्याने तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, पुढे तो मुक्त झाला आणि शिकवू लागला. सम्राट डोमिशियन याने तत्त्वज्ञांना रोममधून घालवून दिले, तेव्हा ग्रीसमधील निकोपोलिस येथे त्याने आपली शाळा चालविली. त्याने स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्याची प्रवचने एरियन या शिष्याने टिपून ठेवली.

एपिक्टेटस ज्या पंथाचा होता, त्याला 'स्टोइक' असे म्हणतात. अथेन्स नगरात चित्रांनी सजविलेली एक ओवरी होती. तेथे झेनो नावाच्या विचारवंताने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास शिकविण्यास प्रारंभ केला. ओवरीला ग्रीक भाषेत 'स्टोआ' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. काही गोष्टी आपल्या स्वाधीन असतात, काही नसतात, हे एपिक्टेटसच्या शिकवणुकीचे सार होय. धन, मान, आरोग्य आणि लोकांचे बोलणे यांवर आपली पूर्ण सत्ता चालत नाही. आपले विचार, आपली इच्छा आणि आपले वागणे मात्र आपल्या हाती असते. तो आणखी एक गोष्ट सांगे. दासाने गरम पाण्याऐवजी कोमट पाणी आणले म्हणून मालक संतापतो. पण तो दासही त्याच ईश्वराचे लेकरू, म्हणजे मालकाचा भाऊच आहे, हे तो विसरतो. एका गुलामाचे हे बोल भावी सम्राटाने मनात साठवून ठेवले.

इ. स. १६१ मध्ये मार्कस सम्राट झाला आणि संकटांची रांग लागली. टायबर नदीला महापूर आला, अन्नधान्याची टंचाई झाली, पूर्वेकडे युद्ध पेटले आणि तेथून परतलेल्या सैन्याबरोबर भयंकर साथीचा रोग साम्राज्यात पसरला. पुढे उत्तरेकडील डॅन्यूब नदीच्या सरहद्दीवर टोळ्यांशी लढण्यात त्याची कित्येक वर्षे गेली. घरीही सुख नव्हते. त्याची बरीच मुले बालपणीच दगावली. अशा काळात लष्कराच्या छावणीत राहून तो एका वहीत टिपणे लिहीत असे. ती प्रजेसाठी नव्हती की कीर्तीसाठी नव्हती. तो स्वतःलाच 'तू' म्हणून संबोधी, प्रश्न विचारी आणि वेळप्रसंगी खडसावीही.

या वहीत सम्राटाचा थाट कोठेच आढळत नाही. सकाळी अंथरुणातून उठण्याचा आपणास कंटाळा येतो, हे तो मोकळ्या मनाने मान्य करतो. मग स्वतःची समजूत घालतो की, चिमण्या, मुंग्या, कोळी आणि मधमाश्यादेखील आपापले काम करतात. मग माणसाने माणसाचे काम करावयास का कुरकुरावे? येथे तो एक मार्मिक विचार मांडतो. जो उबेत लोळत राहतो त्याचे स्वतःवर प्रेम आहे, असे आपणास वाटते. वस्तुतः तसे नसते. ज्याचे स्वतःवर खरे प्रेम असते, तो आपल्यातील उत्तम गुणांवर प्रेम करतो आणि ते वाढीस लावतो. स्वतःचे लाड करणे निराळे आणि स्वतःवर प्रेम करणे निराळे.

आपल्यावरून जग ओळखावे, अशी आपल्याकडे म्हण आहे. मार्कसने नेमके तेच केले. स्वतःचा राग, आळस आणि चुका ज्याने जवळून पाहिल्या, त्याला इतरांचे दोष पाहून नवल वाटेनासे झाले. आज आपणास कृतघ्न, उद्धट आणि मत्सरी माणसे भेटतील, असे तो दिवसाच्या प्रारंभीच स्वतःला बजावी. चांगले कोणते आणि वाईट कोणते हे न कळल्यामुळे ती तशी वागतात. तरीही ती आपली नातलगच आहेत, म्हणून त्यांचा द्वेष करावयाचा नाही, असा तो निश्चय करी. दोन हात किंवा दोन पाय जसे एकमेकांच्या साहाय्यासाठी आहेत, तशीच माणसे आहेत, असे त्याला वाटे. वहीच्या पहिल्या भागात तर त्याने आजोबा, आई, गुरू, मित्र अशा अनेकांची आठवण करून, कोणापासून कोणता गुण घेतला ते कृतज्ञतेने नोंदविले आहे.

वहीत लिहिणे सोपे. पण प्रसंग आला म्हणजे कस लागतो. इ. स. १७५ मध्ये असा प्रसंग आला. सम्राट मरण पावला अशी खोटी बातमी पसरली आणि पूर्वेकडील सेनापती अविडियस कॅसियस याने स्वतःलाच सम्राट म्हणून घोषित केले. हा मार्कसचा विश्वासातला माणूस होता. मार्कसने सैनिकांपुढे भाषण केले. त्यात या अपराध्याला क्षमा करण्याची संधी मिळावी, अशी इच्छा त्याने बोलून दाखविली. ती संधी त्याला लाभली नाही. कॅसियसच्याच माणसांनी त्याला ठार मारले आणि त्याचे मस्तक सम्राटाकडे पाठविले. मार्कसने ते पाहण्याचे नाकारले व त्याचे दफन करविले. या बंडापायी कोणाही सिनेट सभासदाचा वध होऊ नये, अशी विनंतीही त्याने सिनेटला केली. ज्याच्या एका शब्दावर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून होते, त्याने आपला राग आपल्या स्वाधीन ठेवला.

मार्कस निर्दोष होता असे मात्र नव्हे. गुलामाकडून ज्ञान घेणाऱ्या या सम्राटाच्या राज्यात गुलामगिरी तशीच राहिली. त्याच्याच कारकिर्दीत, इ. स. १७७ मध्ये, ल्योन येथे ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. सर्व माणसे आपली नातलग आहेत हे तत्त्व त्याला कळले. पण ते शेवटपर्यंत आचरणे त्यालाही साधले नाही. थोर माणसांच्या जीवनातील अशा उणिवा झाकून ठेवू नयेत. त्यांच्या हातून जे राहिले, ते करण्याचे काम पुढच्या पिढ्यांचे असते.

इ. स. १८० मध्ये मार्कस मरण पावला. त्याचे साम्राज्य काळाच्या ओघात लयाला गेले. पण कोणी वाचावी म्हणून न लिहिलेली ती वही मात्र टिकली. इ. स. १५५९ मध्ये ती झुरिक येथे प्रथम छापली गेली आणि आज जगातील अनेक भाषांत वाचली जाते. गुलामाने सांगितलेले आणि सम्राटाने टिपून ठेवलेले तत्त्व समजण्यास सिंहासन लागत नाही, की मोठे वयही लागत नाही. मित्राशी भांडण झाले म्हणजे त्याच्या चुका मोजण्याआधी क्षणभर थांबून आपल्या मनाची झडती घ्यावी. त्या अभ्यासाचा पहिला धडा तोच होय.

स्वाध्याय

१. मार्कसच्या विचारांवर एपिक्टेटसचा कोणता प्रभाव पडला?
२. 'स्वतःचे लाड करणे' आणि 'स्वतःवर प्रेम करणे' यांतील फरक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. कॅसियसच्या बंडाच्या प्रसंगी मार्कसचे कोणते गुण दिसून आले?
४. आठ दिवस रोज रात्री, दिवसभरातील आपल्या वागण्याविषयी चार ओळी वहीत लिहा. ही वही कोणाला दाखविण्याची आवश्यकता नाही.