शेतघराभोंवतालचीं फुलझाडें आणि राखणीचा कुत्रा

शेतघराच्या अंगणांत बिनकष्टाचीं चार फुलझाडें असावींत व दारांत एक इमानी कुत्रा असावा, अशी इच्छा बहुतेक शेतकरी कुटुंबांत असते. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, असें मात्र सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तो संबंध आहे, आणि प्रसंगीं तो कुत्र्याच्या जिवावर बेततो. म्हणून येथें दोहोंचा विचार एकत्र केला आहे.

आपल्या उष्ण हवेंत जीं फुलझाडें सोपीं समजलीं जातात, त्यांचे दोन वर्ग पडतात. जास्वंद, मोगरा, झेंडू, अबोली हीं अंगच्या जोमामुळें सोपीं. कण्हेर, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, सदाफुली, घाणेरी, कळलावी हीं मात्र गुरें त्यांस तोंड लावीत नाहींत म्हणून सोपीं. कुंपण नसलें तरी तीं टिकतात. गुरें तोंड कां लावीत नाहींत, हा प्रश्न आपण स्वतःस विचारीत नाहीं एवढेंच. हीं सर्व झाडें विषारी आहेत.

कण्हेरीचें पान, फूल, साल व मूळ यांपैकीं कांहींच निर्दोष नाहीं. पान वाळलें तरी त्यांतील विष जात नाहीं. तें हृदयावर परिणाम करतें. कुत्र्यास लाळ सुटते, ओकाऱ्या होतात व हृदयाचे ठोके अनियमित पडूं लागतात. बिट्टीच्या कठीण बियांशीं मुलें खेळतात, आणि दांत येत असलेलें पिलूं कठीण वस्तु चघळीत बसतें. तेव्हां हें झाड अंगणांत नसावें हेंच बरें. सदाफुली मूळची मादागास्करची. १९५८ च्या सुमारास कॅनडांत तिच्यांतून कर्करोगावरील औषध प्रथम वेगळें काढण्यांत आलें; परंतु ज्यांत इतकें तीव्र औषध आहे तें झाड चघळणें कुत्र्यास मुळींच हितावह नव्हे. कळलावीचें विष विशेषतः कंदांत असतें, आणि उकरणें हा तर कुत्र्याचा स्वभावच आहे.

म्हणून कण्हेर तोडून टाकावी असें आमचें म्हणणें नाहीं. ती दूरच्या बांधावर लावावी, व छाटलेल्या फांद्या अंगणांत किंवा वैरणींत पडूं देऊं नयेत. वाळलेलीं पानें कडब्यांत मिसळलीं गेल्यास गुरेंहि दगावतात.

घराजवळ पहिल्या वर्गांतील झाडें लावावींत. जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड व वीतभर लांब फांदी घेऊन, खालचीं पानें काढून, पावसाळ्याच्या आरंभीं निम्मी मातींत खोंचावी. फुलें नव्या फुटीवर येतात, म्हणून हलकी छाटणी लाभदायक होते. पिठ्या ढेकूण दिसतांच पाण्याच्या जोराच्या धारेनें धुऊन काढावा. झेंडूचीं रोपें तीन-चार आठवड्यांचीं झालीं कीं हलवावींत. त्यांच्या मुळांतील द्रव्यांनीं जमिनींतील सूत्रकृमींस आळा बसतो, हा भाजीच्या वाफ्यास वेगळाच फायदा. अबोलीचीं पिकलेलीं बोंडें ओल लागतांच तडकून बीं उडवितात, यास्तव तीं आधींच वेंचावींत. मोगऱ्याचें पाणी हिवाळ्यांत तोडून मग छाटणी केली असतां उन्हाळ्यांत बहर चांगला येतो.

खताविषयीं मात्र विस्तारानें सांगितलें पाहिजे. हाडांच्या चुऱ्याच्या वासानें कुत्रा वाफा उकरून खत खातो. त्यांतच एरंडीची पेंड मिसळलेली असेल तर घात होतो. एरंडेल औषध म्हणून घेतलें जातें, तेव्हां पेंडहि निरुपद्रवी असावी असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः बियांतील विष तेलांत उतरत नाहीं, तें पेंडींतच राहतें. लक्षणें कधीं कधीं दुसऱ्या दिवशीं दिसूं लागतात: ओकाऱ्या, रक्ताची हगवण, ग्लानि. कुत्रा असलेल्या घरीं फुलझाडांस कुजलेलें शेणखत किंवा गांडूळखतच घालावें. कुत्र्यानें कांहीं विषारी खाल्ल्याचा संशय येतांच मिठाचें पाणी, तूप वगैरे न पाजतां त्यास तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें, व खाल्लेल्या झाडाची डहाळी किंवा त्या खताची चिमूट बरोबर घ्यावी.

वाफे उकरणारा कुत्रा बहुधा दिवसभर सांखळीला बांधलेला, कंटाळलेला असतो. त्यास सकाळीं ऊन तापण्यापूर्वीं व संध्याकाळीं अर्धा-अर्धा तास फिरविल्यास ही खोड पुष्कळ कमी होते. कारवानी किंवा मुधोळ जातीच्या कुत्र्यास याहून अधिक धांव लागते. कुत्र्यास आपल्याप्रमाणें सर्वांगास घाम येत नाहीं; तो जीभ बाहेर काढून धापा टाकून अंग निववितो. आपला तळहात उलटा करून वाटेवर ठेवावा. चटका सोसवत नसेल तर त्याच्या पायांसहि सोसणार नाहीं. वाटेंत तो हुंगत थांबला तर ओढूं नये, हुंगणें हीच त्याची निम्मी करमणूक. अंग सैल, शेपूट ढिलें, तोंड किंचित उघडें आणि परत आल्यावर स्वस्थ पसरणें, हीं समाधानी कुत्र्याचीं लक्षणें होत. फेरी बांधाबांधानें घ्यावी, म्हणजे फुटलेला पाट किंवा रानडुकराचा माग आपल्याहि नजरेस पडतो. घरीं येतांच कानांच्या आंत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावे.

कुंपणाच्या आंतील बाजूस दोन हात रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा व फुलझाडें त्याच्या अलीकडे लावावींत. राखणीचा कुत्रा कुंपणाकडेनेंच धांवतो. त्या वाटेंत लावलेली झेंडूचीं रोपें आठ दिवसहि टिकत नाहींत.