आता रक्ताच्या पिशव्या का लागत नाहीत?

प्रश्न : सासूबाईंच्या गुडघ्याची वाटी बदलायची आहे. काही वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनच्या वेळी रक्ताच्या दोन पिशव्यांसाठी आमची धावाधाव झाली होती. या वेळी डॉक्टर म्हणतात, ‘बहुधा रक्त लागणार नाही.’ एवढा फरक कशाने पडला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : डॉक्टरांनी दिलासा द्यायचा म्हणून असे सांगितलेले नाही. त्यामागे ठोस कारणे आहेत.

गुडघा बदलताना मांडीला पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवतात, त्यामुळे टेबलावर फारसे रक्त दिसत नाही. खरा रक्तस्राव पट्टा सोडल्यावर आणि पुढच्या दिवसभरात होतो. शीर कापली गेली तर ती बांधता येते, पण करवतीने कापलेल्या हाडाच्या मज्जेतून झिरपणारे रक्त बांधणार कसे? त्यात शरीराचा एक स्वभाव आडवा येतो. जखमेवर गुठळी धरली की ती विरघळवणारी यंत्रणाही लगेच जागी होते, आणि पट्टा सुटल्यावर तिला आणखी जोर चढतो. बरेचसे रक्त आतल्या आत मांसात मुरते, डोळ्यांना दिसतच नाही. हे सगळे धरून पूर्वी लिटर-दीड लिटरपर्यंत रक्त जाई. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते, हे ध्यानात घेतले की त्या पिशव्या का लागत ते कळते.

मोठा फरक पडला तो ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या स्वस्त औषधाने. मासिक पाळीत फार रक्त जात असेल तर ज्याच्या गोळ्या देतात तेच हे औषध. ते नवी गुठळी तयार करत नाही, झालेली गुठळी लवकर विरघळू देत नाही. चीर देण्याआधी ते शिरेतून देतात, काही सर्जन सांध्यातही सोडतात. जपानमधील उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते शोधले आणि 1962 साली प्रसिद्ध केले. युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात त्यांनी रक्त हा विषय निवडला, कारण प्रयोगाला काही मिळाले नाही तर स्वतःचे रक्त वापरता येई. पाळणाघर नव्हते, म्हणून उताको मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करत. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचाव्यात, ही त्यांची मूळ तळमळ. त्यासाठी या औषधाची मोठी चाचणी वीस हजारांवर स्त्रियांवर झाली. रक्तस्रावाने होणारे मृत्यू त्या औषधाने घटतात, हा तिचा निकाल 2017 साली आला. उताको त्याच्या आदल्याच वर्षी वारल्या होत्या. या बाईंचे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

बाकीच्या युक्त्या लहान आहेत, पण उपयोगी. मांडीच्या हाडात सळी घालण्यासाठी पाडलेले छिद्र, कापून निघालेल्या हाडाचाच तुकडा बसवून बुजवतात. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली की रक्तदाब आटोक्यात राहतो. शिवाय रक्त कधी द्यायचे याचा निकषही बदलला. पूर्वी हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेले की पिशवी लावत. आता त्रास नसेल तर 8 पर्यंत थांबतात. खुब्याचे हाड मोडलेल्या दोन हजारांवर रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, थांबल्याने नुकसान झाले नाही, असे 2011 साली दिसले.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो, आणि माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे. सासूबाईंचे हिमोग्लोबिन आजच तपासा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तपासून उपयोग नाही. बाईमाणसाला 12 पेक्षा कमी म्हणजे पंडुरोग. त्याचे कारण लोहाची कमतरता असेल तर गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. तेवढा वेळ नसेल तर शिरेतून लोह देता येते. साठीनंतर लोह कमी निघाले तर पोटातून रक्त जात नाही ना, हेही पाहून घ्या. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी असे होऊ शकते.

सासूबाई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर सर्जनला आधीच सांगा, पण त्या आपल्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर ते जिवावर बेतू शकते. पूर्वी पायाच्या शिरेत गुठळी, पक्षाघात, फिट किंवा मूत्रपिंडाचा विकार झाला असेल तर तेही सांगा, कारण वर सांगितलेले औषध द्यायचे की नाही आणि किती, हे त्यावर ठरते. रक्तगट तपासून ठेवायला सांगतील, ते मात्र करून ठेवा. एखाद्या रुग्णाला आजही पिशवी लागते.