रक्ताचा दाब आणि रक्ताच्या नळ्या

डहाणूकडे चिकूच्या वाड्या आहेत. वाडीत विहिरीवर पंप असतो. पंप पाणी ढकलतो आणि ते नळीतून झाडांपर्यंत जाते. आपल्या अंगातही असाच एक पंप आहे. तो म्हणजे हृदय. ते मिनिटाला सुमारे ७० ठोके देते. तेवढ्या वेळात सुमारे ५ लिटर रक्त अंगभर खेळवते.

रक्ताच्या नळ्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या. हृदयाकडून रक्त नेतात त्या धमन्या. हृदयाकडे रक्त परत आणतात त्या शिरा. धमन्यांत दाब जास्त, शिरांत फार थोडा. हातावर निळ्या-हिरव्या दिसतात त्या शिरा. कष्टाच्या कामाने त्या टरारून फुगतात. ते पाहून कोणी म्हणतो, "याला बीपी आहे." पण तसे नव्हे, बरे का! शिरा फुगल्या म्हणून दाब वाढला असे होत नाही. वाढलेल्या दाबाचा मार बसतो तो धमन्यांना.

मग धमन्यांचे काय होते? वाडीतली नळी निर्जीव असते. धमनी जिवंत आहे. ती रबरासारखी ताणते आणि पुन्हा आवळते. रोज कुदळ मारून आपल्या हाताला घट्टे पडतात ना? मार सोसण्यासाठी कातडी जाड होते. जास्त दाब सोसून सोसून बारीक धमन्यांची भिंतही अशीच जाड होते. पण ती आतल्या बाजूला जाड होते. त्यामुळे रक्ताची वाट अरुंद होते. वाट अरुंद झाली की हृदयाला जास्त जोर करावा लागतो. दाब आणखी वाढतो. मोठ्या धमन्या कडक होतात. आतले नाजूक अस्तर दुखावते, तेथे चरबी साठते. पुढे एखादी नळी तुंबते, नाहीतर फुटते. मेंदूत असे झाले तर अर्धांगवायू होतो. हृदयात झाले तर झटका येतो. मूत्रपिंड आणि डोळे यांनाही इजा होते.

हे सारे वर्षानुवर्षे गुपचूप चालते. बहुतेकांना काहीच दुखत नाही. म्हणून दाब मोजूनच कळतो.

१८९६ साली इटलीतील डॉक्टर रिव्हा-रोची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती काढली. आजही तसाच पट्टा बांधतात. त्यात दोन आकडे मिळतात. हृदय रक्त ढकलते तेव्हाचा वरचा आकडा. हृदय सैल पडते तेव्हाचा खालचा. १२० आणि ८० च्या आसपास दाब ठीक. निरनिराळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त आला, तर दाब वाढला असे डॉक्टर धरतात.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजून मिळतो. डहाणू, कासा आणि तलासरी येथे सरकारी रुग्णालये आहेत.

गोळी सुरू झाली की दाब उतरतो. मग माणूस म्हणतो, "आता बरा आहे, गोळी कशाला?" येथेच घात होतो. गोळी थांबली की दाब पुन्हा चढतो. आपल्याकडची पुष्कळ माणसे वीटभट्टीवर जातात. कोणी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. महिनोन् महिने घरी येत नाहीत. गावच्या गोळ्या गावीच राहतात. असे करू नका. निघण्याआधी डॉक्टरांना सांगा, "मी इतके दिवस बाहेर आहे." पुरेशा गोळ्या आणि औषधाची चिठ्ठी बरोबर घ्या. संपत आल्या तर तिथल्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी दाखवा.

मीठही बेताने खा. एका माणसाला दिवसभरात लहान चमचाभर मीठ पुरे. त्यात खारवलेली मासळी, लोणचे, पापड यांतले मीठही आले. तंबाखू, विडी आणि दारू सोडा.

तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

प्रश्न
१. धमनी आणि शीर यांत फरक काय?
२. बारीक धमनी जाड झाली की दाब का वाढतो?
३. तुमच्या घरी कोणाकोणाचा दाब मोजायचा राहिला आहे?