साखरेवांचून गोडी : भय कोणतें आणि किती

आखाजीच्या दिवशीं खापरावरचे मांडे व आमरस यांचें जेवण आटोपल्यावर आमच्या ओसरीवर जी मंडळी विड्यास बसते, तींत मधुमेह नसलेला मनुष्य आतां शोधून काढावा लागतो. यंदा त्या मंडळींतील एका शेजाऱ्यांच्या उजव्या पायाचा अंगठा नव्हता. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या मुलानें मोबाइलवर कोठें तरी वाचलें कीं, साखरेऐवजीं घ्यावयाच्या गोळ्यांनीं कर्करोग होतो. त्या दिवसापासून त्यांनीं चहांतील गोळी टाकून दिली व पुन्हां साखर धरली. शेताच्या कामांत दिवसास आठ कप चहा, कपास दोन चमचे, चमचा पांच ग्रॅमांचा धरला तरी ही रोजची ८० ग्रॅम व महिन्याची जवळ जवळ अडीच किलो साखर झाली. अंगठा केवळ ह्या साखरेनें गेला असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं, कारण जोडा चावल्याची जखम त्यांनीं तीन आठवडे अंगावर काढली होती. तथापि ज्या भयानें त्यांनीं गोळी टाकली, तें भय खरें किती व खोटें किती हें कोणीं तरी त्यांस त्या वेळीं सांगावयास पाहिजे होतें.

प्रस्तुत लेखकास स्वतःस मधुमेह आहे, आणि तहसील कचेरींत तीस वर्षें दुसऱ्यांचे कागद वाचण्यांत गेल्यामुळें स्वतःच्या रोगाचे कागद वाचण्याचा कंटाळा नाहीं. त्या वाचनांतून जें निष्पन्न झालें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

कृत्रिम मधुर द्रव्यांपैकीं सर्वांत जुनें म्हणजे सॅकरीन. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत प्रोफेसर इरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेंत कॉन्स्टन्टिन फालबर्ग नांवाचे रसायनशास्त्रज्ञ दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करीत होते. १८७९ सालीं एके दिवशीं ते हात न धुतां जेवावयास बसले, तों हातांतील पाव त्यांस विलक्षण गोड लागला. हें द्रव्य साखरेच्या सुमारें तीनशें पट गोड असून शरीरांत त्याचें पचन होत नाहीं. जसें पोटांत जातें तसेंच तें मूत्रावाटे बाहेर पडतें, म्हणून त्यापासून शक्तीही मिळत नाहीं व रक्तांतील साखरही वाढत नाहीं.

ह्यानंतरचीं द्रव्येंही अशाच हलगर्जीपणांतून हातीं लागलीं, हें मोठें नवल आहे. १९३७ सालीं मायकेल स्वेडा यांनीं प्रयोगाच्या टेबलावर ठेवलेली सिगारेट ओठांस लावली आणि सायक्लामेट सांपडलें. १९६५ सालीं जेम्स श्लॅटर यांनीं कागद उचलण्याकरितां बोट चाटलें आणि ॲस्पार्टेम सांपडलें. चौथी कथा आपल्या नांवाच्या माणसाची आहे. १९७६ सालीं लंडन येथील क्वीन एलिझाबेथ कॉलेजांत प्रोफेसर लेस्ली हफ यांच्या हाताखालीं शशिकांत फडणीस हे साखरेवर क्लोरीनची क्रिया करून निरनिराळे पदार्थ तयार करीत असत. एक चूर्ण ‘तपासून पाहा’ असें त्यांस सांगण्यांत आलें. त्यांनीं तें ‘चाखून पाहा’ असें ऐकलें आणि चाखलें. इंग्रजींतील हे दोन शब्द मराठींत लिहूं गेल्यास दोन्ही ‘टेस्ट’ असेच लिहावे लागतात, तेव्हां फडणीसांस दोष देण्याचा अधिकार आपणांस तरी नाहीं. तेंच सुक्रालोज. तें साखरेहून सुमारें सहाशें पट गोड असून प्रत्यक्ष साखरेपासूनच तयार होतें. त्या अर्थीं त्याचें मूळ उंसाच्या घरांतच आहे.

आतां वादाकडे वळूं. हा वाद निव्वळ आरोग्याचा कधींच नव्हता. सॅकरीन स्वस्त पडूं लागतांच जर्मनींतील बीटाची साखर करणारे कारखानदार व बीट पिकविणारे शेतकरी यांच्या पोटांत गोळा उठला, आणि १९०२ च्या कायद्यानें सॅकरीन औषधाच्या दुकानांपुरतें कोंडण्यांत आलें. परिणाम असा झाला कीं, शेजारच्या स्वित्झर्लंडमधून तें चोरून येऊं लागलें. अमेरिकेंत १९०८ च्या सुमारास शेतकी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांनीं सॅकरीनवर बंदी मागितली. परंतु अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांस त्यांच्या डॉक्टरांनींच रोज सॅकरीन दिलेलें असल्यामुळें अध्यक्षमहाराज उलट वायलींवरच संतापले. पुढें दोन्ही महायुद्धांत साखर मिळेनाशी झाली, तेव्हां लोकांनीं कोणाचेंही न ऐकतां सॅकरीन वापरलें. सायक्लामेटविरुद्धच्या संशोधनास साखरेच्या धंद्यानें पैसा पुरविला होता, आणि कृत्रिम द्रव्यांच्या बाजूच्या कित्येक संशोधनांस तीं द्रव्यें विकणाऱ्यांचा पैसा मिळाला आहे. सातबाराच्या तंट्यांत साक्षीदार कोणाच्या भावकींतला आहे हें आम्ही प्रथम पाहत असूं. येथेंही तेंच करावें. मात्र भावकींतल्या साक्षीदाराची साक्ष खोटीच असते असेंही धरूं नये.

खरी खळबळ उडाली ती १९७७ सालीं. कॅनडांत उंदरांच्या दोन पिढ्यांस अन्नाच्या शेंकडा ५ इतकें सॅकरीन चारण्यांत आलें, व नरांच्या मूत्राशयांत कर्करोगाच्या गांठी आढळल्या. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानें बंदीचा प्रस्ताव आणला. लोकांनीं ओरड केल्यामुळें तेथील काँग्रेसनें तो थांबविला व त्याऐवजीं वेष्टनावर धोक्याची सूचना छापण्यास लावलें. शेंकडा ५ म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहावा. एक किलो अन्न खाणाऱ्या मनुष्यास हें रोज ५० ग्रॅम सॅकरीन होईल, आणि त्याची गोडी १५ किलो साखरेएवढी होईल. एवढें गोड खाणारा मनुष्य आमच्या तालुक्यांत तरी नाहीं. तथापि मात्रा मोठी होती एवढ्यावरून प्रश्न सुटत नव्हता. गांठी झाल्या कशा, हें समजणें जरूर होतें. पुढील वीस वर्षांत तें समजलें. नर उंदराच्या मूत्राची घडणच अशी आहे कीं, फार सॅकरीन गेल्यावर त्यांत कॅल्शियम व फॉस्फेट यांचे बारीक कण धरतात, ते मूत्राशयाच्या आंतल्या अस्तरास घासून त्यास सतत इजा करतात, आणि त्या इजेवरून पुढें गांठ होते. माणसाच्या मूत्रांत असे कण धरत नाहींत. ह्या कारणानें २००० सालीं अमेरिकेच्या सरकारनें सॅकरीनचें नांव कर्करोगजनकांच्या यादींतून काढलें व ती सूचनाही रद्द केली.

आमच्या शेजाऱ्यांच्या मुलानें जें वाचलें तें ॲस्पार्टेमविषयींचें होतें. जुलै २०२३ मध्यें फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें ॲस्पार्टेमास ‘२-ब’ ह्या वर्गांत घातलें. ह्याचा अर्थ ‘कदाचित् कर्करोग होऊं शकेल, पुरावा अपुरा’ इतकाच आहे. महसुलाचें काम ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें एका वाक्यांत सांगतां येईल : गांव नमुना सहा-अ मध्यें हरकत नोंदली गेली, निकाल झालेला नाहीं. ज्याच्या जमिनीवर हरकत नोंदली गेली त्याची जमीन गेली असें कोणी मानीत नाहीं, आणि हरकत मुळींच नाहीं असेंही मानीत नाहीं. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटना व अन्न-शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ-समितीनें तोच पुरावा पाहून रोजची मर्यादा पूर्वींचीच, म्हणजे शरीराच्या दर किलो वजनास ४० मिलिग्रॅम, कायम ठेवली. पहिली संस्था विहिरीला कठडा नाहीं एवढें पाहते; दुसरी, त्या वाटेनें पोरें किती जातात हें पाहते. दोघींचें म्हणणें परस्परांविरुद्ध नाहीं.

त्याच ल्योंच्या संस्थेच्या पहिल्या वर्गांत, म्हणजे जेथें पुरावा पुरा झाला आहे तेथें, तंबाखू, दारू, सुपारी आणि अफ्लाटॉक्सिन हीं बसलीं आहेत. हें शेवटचें नांव आपल्या घरचें आहे. ओलसर पोत्यांत ठेवलेल्या भुईमुगाच्या शेंगांस व मक्यास जी बुरशी येते, तीपासून हें विष तयार होतें आणि काळजास, म्हणजे यकृतास, लागतें. ज्या ओसरीवर चहाच्या गोळीचें भय चघळलें गेलें, त्याच ओसरीवर तोंडांत सुपारी होती, आणि कोपऱ्यांतल्या पोत्यांतील कडवट शेंगा ‘गड्यांना चालतील’ म्हणून बाजूस काढून ठेवल्या होत्या. हें लिहितांना लेखकास स्वतःचीही लाज वाटते, कारण ती ओसरी त्याचीच होती.

आतां मर्यादेचा हिशेब करूं. ६० किलो वजनाच्या माणसास ॲस्पार्टेमची रोजची मर्यादा २४०० मिलिग्रॅम होते. एका लहान गोळींत अठरा-वीस मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असतें. म्हणजे मर्यादा ओलांडावयास शंभराहून अधिक गोळ्या रोज लागतील. चहाचे आठ कप घेणाऱ्यानेंही ह्या बाबतींत निश्चिंत राहावें. सॅकरीनची गोष्ट मोठ्या माणसास तितकीच सोपी आहे, लहान मुलास मात्र नाहीं. त्याची मर्यादा त्याच संयुक्त समितीनें दर किलोस ५ मिलिग्रॅम ठरविली आहे (युरोपच्या अन्न-सुरक्षा संस्थेनें २०२४ मध्यें ती ९ पर्यंत वाढविली). २० किलो वजनाच्या पोरास पांचाच्या हिशेबानें रोज १०० मिलिग्रॅम होतात. वैशाखांतील यात्रांत गारीगार विकणारा दहा लिटर रंगीत पाण्यास एक किलो साखरेची गोडी केवळ सॅकरीननें आणूं म्हणेल, तर त्यास तें सव्वातीन ग्रॅमांच्या वर लागेल, म्हणजे लिटरास सुमारें ३३० मिलिग्रॅम. ३०० मिलिलिटर पाणी पोटांत गेलें कीं पोराची मर्यादा भरली. साठ मिलिलिटरांची एक गारीगार धरल्यास पांच गारीगारी होतात. यात्रेंत पांच खाणारीं पोरें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत.

मर्यादा ठरवितांना शास्त्रज्ञ साधारणतः शंभर पटीची सूट धरतात, यास्तव एक दिवस ती ओलांडल्यानें पोर आजारी पडेल असें नाहीं. त्या गारीगारींतील पाणी कोणत्या विहिरीचें, ही काळजी अधिक जवळची आहे. परंतु हा विक्रेता सव्वातीन ग्रॅम तोलून घालीत नसतो, तो चमच्यानें घालतो, आणि पांच ग्रॅमांचा एक चमचा दीड किलो साखरेची गोडी देतो. वेष्टनांत बांधून विकल्या जाणाऱ्या मालांत कृत्रिम मधुर द्रव्य असल्यास तें वेष्टनावर छापावें लागतें. गारीगारीस वेष्टनच नसतें.

भयाची बाजू येथवर झाली. उपयोगाच्या बाजूसही तितकाच फुगवटा आहे. मे २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें असा सल्ला दिला कीं, वजन कमी करण्याकरितां ह्या द्रव्यांवर विसंबूं नये, कारण दीर्घ काळांत तसा लाभ दिसून येत नाहीं. हा सल्ला ज्यांस आधींच मधुमेह आहे त्यांच्याकरितां नव्हता, ही ओळ बहुतेक बातम्यांनीं गाळली. मधुमेही लोकांविषयीं चेन्नईच्या मधुमेह-संशोधकांचा एक प्रयोग २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. चहा-कॉफींतील साखर काढून बारा आठवडे सुक्रालोज दिलें असतां वजन व कमरेचा घेर थोडा उतरला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. अपाय नाहीं, चमत्कारही नाहीं. लेखकाचा अनुभव याहून वाईट आहे. चहांत गोळी घालून जी साखर ‘वांचली’ तिच्या भरंवशावर त्यानें एक हिवाळाभर जिलबी खाल्ली, आणि पुढच्या तपासणींत डॉक्टरांनीं कागद न बोलतां त्याच्यापुढें सरकविला.

कांहीं व्यावहारिक गोष्टी येथेंच सांगून टाकतों. ॲस्पार्टेम उकळल्यानें फुटतें व त्याची गोडी जाते, म्हणून गोळी चहा गाळल्यावर कपांत टाकावी, आधणांत टाकूं नये. सुक्रालोज गरम चहांत टिकतें. परंतु १२० अंशांवर तापविल्यास त्यापासून क्लोरीनयुक्त अपायकारक पदार्थ निघूं शकतात असा इशारा जर्मनीच्या सरकारी संस्थेनें २०१९ मध्यें दिला आहे, तेव्हां तळणांत किंवा भट्टींतील बिस्किटांत तें घालूं नये. फिनाइलकिटोन्यूरिया नांवाचा जन्मजात विकार असलेल्या मुलास ॲस्पार्टेम मुळींच देऊं नये. ‘शुगर फ्री’ लाडवांतील पीठ व तूप हीं फ्री नसतात. आणि गुळाविषयीं आपल्या लोकांची जी श्रद्धा आहे ती मधुमेह्यापुरती सोडावी. गूळ हा बहुतांशीं साखरच असून रक्तांत तो साखरेसारखाच चढतो. मधाचीही गोष्ट फारशी निराळी नाहीं.

हें वाचून ऊंस लावणारे बंधु विचारतील कीं, शेतकऱ्यांच्या मासिकानें साखरेविरुद्ध कां लिहावें? फैजपूरच्या ‘मधुकर’ला ज्यांनीं एके काळीं ऊंस घातला त्यांच्यापैकीं कित्येक आज स्वतः गोळी घालून चहा पितात. देशांत वर्षास अडीच कोटी टनांहून अधिक साखर खपते, आणि मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या घरांत आहे. ह्या दहा कोटींनीं चहांतील साखर सोडल्यानें उंसाचा भाव पडेल ही भीति मला खरी वाटत नाहीं. आणि जर्मनीच्या बीटवाल्यांप्रमाणें आपणही साक्षीदार भावकीचेच आहों, हें तरी आपण लपवूं नये.

शेजाऱ्यांनीं आतां चहा चार कपांवर आणला आहे. दोन कप कोरे, दोहोंत गोळी. अंगठ्याची जागा सुकली असून सकाळीं ते पाटाच्या कडेनें काठी घेऊन हिंडतात, आणि पायांत नवा, सैल जोडा असतो. नातवास गारीगारीला पैसे देण्यापूर्वीं ते स्वतः उठून गाडीपर्यंत जातात व पाण्यांत काय घातलें आहे म्हणून विचारतात. गाडीवाल्यानें अद्याप उत्तर दिलेलें नाहीं.