कुत्र्याचे शिक्षण

कुत्री शिकविणे हा काही आमच्या घराण्याचा धंदा नव्हे. सिहोरा हे धानाचे गाव. येथील कुत्रा खळे राखतो, रात्री भुंकतो आणि उरल्यासुरल्या भातावर वाढतो. त्यास शिक्षण हवे असे कोणाच्या स्वप्नीही येत नाही. अशा गावी आम्हांस ‘कुत्र्यांचे मास्तर’ ही पदवी मिळाली, ती एका चावऱ्या कुत्र्याच्या कृपेने. पदवी थट्टेची खरी. परंतु तिच्यापायी जे शिकावयास मिळाले ते विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असे वाटते.

हा कुत्रा सुमारे दोन वर्षांचा असता आम्ही घरी आणला. पूर्वीच्या धन्याने त्याची आशा सोडली होती. हाती काठी असलेला मनुष्य दिसला की तो गुरगुरे, आणि जवळ आला की अंगावर धावे. आता आमच्या भागात काठीवाचून गुराखी कोठे दिसावयाचा? पारावरच्या मंडळींनी निकाल देऊन टाकला की, याला एकदाचा मारून टाकावा. निकाल निर्दय होता, पण अगदीच निराधार नव्हता. शाळेत जाणारी लहान मुले आमच्याच दारावरून जातात.

चावरा कुत्रा दुष्टच असतो ही समजूत आधी टाकावी लागते. पुष्कळ कुत्री चावतात ती भयाने, आणि चावण्यापूर्वी बहुधा तसे सांगतात. असा कुत्रा तोंड फिरवितो, ओठ चाटतो, झोप आलेली नसता जांभई देतो, शेपूट पोटाखाली घेतो, अंग ताठ करितो आणि शेवटी गुरगुरतो. शेपूट हालले म्हणजे कुत्रा आनंदी, हेही नेहमी खरे नव्हे. अंग ताठ आणि शेपूट उंच धरून हालवीत असेल तर दूरच राहावे. गुरगुरणे हा अपराध नसून सूचना होय. त्याबद्दल मार देत गेल्यास कुत्र्याचे भय जात नाही, गुरगुरणे मात्र जाते; आणि मग तो न सांगता चावतो. या लेखातील बाकी सर्व विसरले तरी चालेल, पालकांनी एवढे ध्यानी ठेवावे.

भय घालविण्याची युक्ती ज्या शोधातून निघाली तो शोधही कुत्र्यांवरच लागला. रशियातील शास्त्रज्ञ पावलोव्ह यांस १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेच्या अभ्यासाबद्दल. त्या अभ्यासात त्यांस असे आढळले की, अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्न येणार या खुणेनेच कुत्र्यास लाळ सुटते. घंटेचीच गोष्ट सर्वत्र सांगतात. वस्तुतः त्यांनी ठोके देणारे तालयंत्र आणि इतरही अनेक खुणा वापरल्या. खूण आणि अन्न यांची अशी सांगड पडते, तर काठी आणि अन्न यांची का पडू नये?

आम्ही कुत्र्यास दोरीने धरून चाळीस पावलांवर एक काठी झाडास टेकवून ठेविली. त्याने तिकडे पाहिले की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यावयाचा. तुकडा खाल्ला तर अंतर ठीक. खाण्यास तोंड लाविले नाही तर काठी फार जवळ आली असे समजून मागे सरावयाचे. याहून चांगले मोजमाप आम्हांस अद्याप सापडलेले नाही. काठी दोन-दोन पावलांनी जवळ आली. मग तिच्याशेजारी मनुष्य उभा राहिला, मग त्याने ती हाती घेतली, शेवटी तो ती घेऊन चालू लागला. रोवणीस आरंभ केला तो कापणीपर्यंत पुरला. आता गुराखी गेला की कुत्रा आमच्या तोंडाकडे पाहतो. अंडे अर्थातच मागतो.

पुढे लोक आपापली कुत्री घेऊन येऊ लागले. कोणाचा कोंबड्या धरणारा, कोणाचा बंडीमागे धावणारा. बहुतेक ठिकाणी शिकवावे लागले ते धन्यास! हाक मारून कुत्रा आला की त्यास पूर्वीच्या खोडीबद्दल रागवावयाचे, ही सार्वत्रिक चाल. कुत्रा समजतो की आल्याबद्दल शिक्षा झाली. फळ कृतीच्या पाठोपाठ, त्याच क्षणी मिळाले तरच कृतीशी त्याची गाठ पडते.

मोठ्या कामातही हेच तत्त्व चालते. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर नाव मिळविलेला पोलिसांचा झंजीर हा लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा पुण्यास शिकला होता. त्याने शोधून दिलेली आरडीएक्स ही स्फोटके ३,३०० किलोंहून अधिक भरली. २००० साली तो वारला. अशा कुत्र्यास स्फोटक म्हणजे काय हे ठाऊक नसते. हा वास सापडला की बक्षीस मिळते, एवढेच ठाऊक असते. आणि त्यास सांभाळणाऱ्या शिपायासही त्याच्याबरोबर शिकावे लागते.

शिकलेला कुत्राही चावू शकतो, म्हणून एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची काही लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. १८८५ साली पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचली, ती लक्षणे दिसण्यापूर्वी. कुत्र्याच्या पिलासही तीन महिन्यांचे झाले की लस टोचवावी. आमच्या कुत्र्यास आम्ही ती दरसाल देववितो. डॉक्टरांच्या हाती काठी नसते, सुई असते, आणि सुईचे भय त्यास अद्याप आहे. तूर्त रिकामी पिचकारी वीस पावलांवर आणिली आहे.