सदनिका, प्रवर्तक आणि कायदा

मुंबई-पुण्यात मालकी हक्काच्या सदनिका विकल्या जाऊ लागल्या, त्याबरोबरच तक्रारीही वाढल्या. 1960 साली शासनाने याबाबत समिती नेमली आणि 1963 मध्ये महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम अस्तित्वात आला. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 20 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास त्याने मनाई केली व प्रवर्तकास शिक्षेचीही तरतूद केली. उणीव एकच, पण मोठी होती. बांधकाम चालू असताना पैशावर देखरेख करणारी यंत्रणाच नव्हती. घर न मिळाल्यावर खरेदीदाराने न्यायालयाची पायरी चढावी, एवढाच त्याचा अर्थ उरला.

राज्याने 2012 मध्ये स्वतंत्र गृहनिर्माण नियमन कायदा केला व त्यास 2014 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. परंतु केंद्राच्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 ने तो रद्द ठरविला. 1963 चा कायदा मात्र रद्द केला नाही. 1 मे 2017 पासून नवी व्यवस्था पूर्णपणे अमलात आली आणि महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजेच महारेरा, कामाला लागले.

या कायद्याचा गाभा पैशाच्या हिशेबात आहे. खरेदीदारांकडून येणाऱ्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम प्रवर्तकाने स्वतंत्र बँक खात्यात ठेवावयाची असते. ती केवळ त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करता येते, आणि तीही अभियंता, वास्तुशास्त्रज्ञ व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रावर, कामाच्या प्रगतीच्या प्रमाणात. एका इमारतीचे पैसे दुसऱ्या इमारतीच्या जमिनीत गुंतविण्याची जुनी रीत येथे अडते. करारापूर्वी घ्यावयाच्या रकमेची मर्यादाही 10 टक्क्यांवर आली.

चटई क्षेत्र हा शब्द घरगुती वाटतो, परंतु त्यावरून झालेले वाद थोडे नाहीत. जिना, गच्ची, लिफ्ट यांचा वाटा मिळवून फुगविलेल्या क्षेत्रफळावर किंमत आकारली जात असे. आता चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित आहे : आतील विभाजक भिंती त्यात येतात, बाहेरील भिंती, बाल्कनी व खुली गच्ची येत नाहीत. मंजूर आराखड्यात मोठा बदल करावयाचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. बांधकामातील दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून 5 वर्षे प्रवर्तकावर राहते व तो दोष त्याने 30 दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो.

ताबा लांबल्यास खरेदीदार व्याजासह रक्कम परत मागू शकतो, किंवा प्रकल्पात राहून दरमहा व्याज घेऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये या कायद्याची वैधता मान्य केली. मात्र आदेश हाती येणे आणि पैसे हाती येणे यांत अंतर असते. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होत असल्याने प्रकरण अखेर जिल्हाधिकारी व तहसीलदार कार्यालयात येते. तेथील फाईल पडून राहिली, तर कुटुंब घरभाडे व कर्जाचा हप्ता दोन्ही भरत राहते. महसूल अधिकाऱ्यांनी ही वसुली दुय्यम मानू नये.

इमारत उभी राहूनही जमीन प्रवर्तकाच्याच नावावर राहण्याचा प्रश्न जुनाच आहे. 1963 च्या कायद्यात 2008 मध्ये झालेल्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला. प्रवर्तकाने टाळाटाळ केल्यास संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते.

पंचायत सदस्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. हा कायदा भूखंडांच्या विक्रीलाही लागू आहे. नियोजन क्षेत्रात 500 चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठांहून अधिक सदनिकांचा प्रकल्प नोंदणीशिवाय जाहिरातीत आणता येत नाही. गावाच्या वेशीवर भूखंडांचे फलक लागले, तर त्यावर महारेरा नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे पाहण्यास वेळ लागत नाही.

स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणारा मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्याच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा आहे. घरबांधणीचा समावेश 1993 मध्ये ‘सेवा’ या व्याख्येत झाला. पण आयोगापुढे जाताना कामाचे स्वरूप, दर, मुदत व हप्ते लिहिलेला कागद हाती लागतो. गावोगावी तो बहुधा केलेलाच नसतो.